किमान, कमाल आणि सरासरी

डिसेंबर उजाडला की निफाडला भाव येतो. कांद्याला येतो की नाही हे सरकार आणि पाऊस मिळून ठरवतात, पण थंडीपायी निफाडला मात्र हमखास येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाला की दुसऱ्या दिवशी मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत निफाड गारठतं. पुण्याचे नातेवाईक फोन करून विचारतात, "काय रे, बर्फ पडला का?" आम्ही तेव्हा बागेत शेकोट्या पेटवत, पहाटेचं ठिबक चालू करत, द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून जागत असतो. त्यामुळे उत्तर जरा तुटक जातं.

तरीही ही बातमी मला आवडते, कारण ती मोजलेली असते. कोणीतरी कानाला मफलर गुंडाळून पहाटे उपकरणापाशी गेलेलं असतं, आकडा बघून वहीत लिहून आलेलं असतं. त्या आकड्यावर कोणी रुसत नाही की भांडत नाही.

एरवी मी बातम्यांचा इतका बारकाईने विचार करत नाही. पण सध्या आमच्या गल्लीतल्या अण्णांना मोबाइल घ्यायचा आहे. त्यांचा जुना मोबाइल फवारणीच्या टाकीत पडून वाचला होता; तो या मोसमात पुन्हा पडला आणि या वेळी जेमतेमच वाचला. एमएस-सीआयटीच्या लाटेत मी गावात संगणकाचा क्लास चालवत असे. तेव्हापासून ज्या ज्या वस्तूला वायर आहे ती बिघडली की लोक माझ्याकडे घेऊन येतात. मिक्सर आलेला आहे, एकदा इन्क्युबेटर आला होता. तेव्हा मोबाइल कोणता घ्यावा हा प्रश्न माझ्या ओट्यावर येणं ओघानंच आलं.

अण्णांनी अभ्यास सुरू केला. म्हणजे ते रोज सकाळी मला बातम्या पाठवू लागले. त्या बातम्या वाचून माझी पहिली शंका अशी, की त्या सगळ्या एकच माणूस लिहितो आणि त्याला सतत धक्के बसत असतात. ‘आयफोनची झोप उडवायला येतोय हा स्वस्तात मस्त फोन, फीचर्स पाहून थक्क व्हाल!’ ‘तुमच्याही मोबाइलमध्ये आहेत का ही ७ अ‍ॅप्स? आत्ताच्या आत्ता डिलीट करा, नाहीतर...’ त्या तीन टिंबांच्या भीतीनं अण्णांनी हवामानाचं अ‍ॅप काढून टाकलं आणि दोन दिवस आभाळाकडे बघून फवारणी केली.

या बातमीची रचना मी आता डोळे मिटून सांगू शकतो. पहिल्या परिच्छेदात मथळा पुन्हा येतो. दुसऱ्यात ‘आजच्या धकाधकीच्या युगात स्मार्टफोन ही काळाची गरज बनली आहे’ हे सांगतात, म्हणजे वाचणारा हे सगळं पोस्टकार्डावर वाचतो आहे अशी त्यांची समजूत असावी. मग बॅटरी येते, ती दमदार असते. डिस्प्ले शानदार, कॅमेरा जबरदस्त, प्रोसेसर तगडा. या जागा ठरलेल्या आहेत; दमदार डिस्प्ले किंवा शानदार बॅटरी मी आजवर पाहिलेली नाही. किंमत सहाव्या परिच्छेदात, तीन जाहिराती ओलांडल्यावर. आणि शेवटी, पेन खाली ठेवता ठेवता: ‘मात्र कंपनीने याबाबत अद्याप अधिकृत माहिती दिलेली नाही.’

म्हणजे फोन अजून आलेलाच नसतो! तो येणार अशी कुणकुण लागली ही एक बातमी. त्याचा फोटो फुटला ही दुसरी. तो आला ही तिसरी, तो विकायला आला ही चौथी आणि तीन महिन्यांनी त्याची किंमत पडली ही पाचवी. या पाचही वेळा लिहिणाऱ्यानं तो फोन हातात घेतलेला नसतो.

"यात बॅटरी किती टिकते ते कुठं लिहिलंय?" अण्णांनी विचारलं.

"५,००० एमएएच लिहिलंय की."

"ते टाकीचं माप झालं. पंप किती वेळ चालतो?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण बातमीत ते नव्हतं.

अण्णांचं काही चुकत नव्हतं. आमच्या तालुक्याचं बातमीचं शिक्षण लासलगावच्या बाजार समितीत झालेलं आहे. कांद्याचा लिलाव उरकला की तिथून तीन आकडे येतात: किमान, कमाल आणि सरासरी, दर क्विंटलला. कमाल भाव एखाद्याच ट्रॉलीला लागतो. त्या ट्रॉलीचा मालक चार दिवस गावात ताठ मानेनं फिरतो, बाकीचे सरासरी बघतात आणि ज्याचा माल बारका, गोल्टी निघाला तो किमान भाव बघून कोणाशी बोलत नाही. एखाद्या वर्तमानपत्रानं फक्त कमाल भाव छापायला सुरुवात केली, तर निफाड तालुक्यात तो पेपर दुसऱ्या आठवड्यात भज्यांखाली दिसेल. पण मोबाइलच्या बातमीत सगळा कमालच भाव. सूट ५० टक्क्यांपर्यंत, बॅटरी दोन दिवसांपर्यंत, चार्जिंग २० मिनिटांत. किमान किती आणि सरासरी किती, हे विचारायचं नाही.

हे आकडे पूर्वी मिळायचे, असं मी अण्णांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

नाशिकरोड स्टेशनच्या बुकस्टॉलवर तेव्हा इंग्रजी मासिकांची एक उभी फळी असायची. ‘पीसीक्वेस्ट’ १९८७ सालापासून निघत होतं. पुढे ‘चिप’ आलं, तेच २००१ मध्ये ‘डिजिट’ झालं. इलेक्ट्रॉनिक्सची खाज असलेल्यांसाठी तर १९६९ पासूनचं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ होतंच. अंक महाग असत. क्लासवाल्यांनी वर्गणी काढून एक अंक घ्यायचा आणि तो तालुकाभर फिरवायचा, अशी रीत होती. अंक पिंपळगावहून परत येईपर्यंत मधली दोन पानं कोणीतरी फाडलेली असायची. ती नेमकी प्रिंटरच्या तुलनेची असायची.

त्या तुलनेच्या पानांसाठीच अंक घेतला जायचा. बाजारातले दहा-वीस प्रिंटर एका खोलीत मांडायचे, सगळ्यांवर तेच पत्र, तोच फोटो, तोच तक्ता छापायचा आणि हातात घड्याळ घेऊन बसायचं. कंपनी सांगायची, मिनिटाला आठ पानं. खोलीतला माणूस शोधून काढायचा, की ही आठ पानं फिकट शाईत, पानावर पाच टक्के मजकूर असेल तर. शाळेच्या दाखल्यासारखं भरगच्च पान घातलं की तोच प्रिंटर निम्म्यावर येऊन धापा टाकायचा. मग शाईचा हिशेब: एक कार्ट्रिज किती पानांत संपतं, पानामागे किती पैसे पडतात. प्रिंटर स्वस्तात देऊन पुढे शाईत वसूल करण्याचा सगळा व्यवहार त्या एका कोष्टकात उघडा पडायचा. गावातल्या एका संस्थेच्या हेडक्लार्कांनी त्या कोष्टकाची झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती आणि विक्रेता आला की ते नुसतं काचेवर बोट टेकवत.

इंटरनेटची गोष्ट तर विचारूच नका. देशात व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही आधी मोठ्या शहरांत. निफाडहून जोडायचं म्हणजे बाहेरगावी ट्रंककॉल लावून बसल्यासारखं: मीटर पळतंय, मोडेम किंचाळतोय आणि घरातली मंडळी देवघरातून विचारतायत, कोण रडतंय? त्यामुळे आमचं इंटरनेट म्हणजे अंकाला चिकटवलेली सीडी. त्यात ब्राउझर असायचा (उघडायला जागाच नाही), अँटीव्हायरस असायचा, पहिल्या पायरीपुरते गेम असायचे. ‘पीसीक्वेस्ट’नं तर नव्वदच्या दशकातच सीडीवर लिनक्स वाटायला सुरुवात केली. ते संगणकावर चढवणं हा अख्ख्या रविवारचा कार्यक्रम होता. अंक मांडीवर उघडा, ओळीवर बोट, आणि एक जण वाचतोय, दुसरा टाइप करतोय, तिसरा लाइट जाऊ नये म्हणून देवाचं नाव घेतोय. मासिकात लिहिलेलं खरं की खोटं हे संध्याकाळपर्यंत कळायचं, कारण संगणक एकतर सुरू व्हायचा किंवा व्हायचा नाही.

लिहिणाऱ्यालाही ते माहीत असायचं. आपण चुकीची ओळ छापली तर निफाडात, बार्शीत, गडहिंग्लजात कुणाचा तरी संगणक आडवा होणार आणि तो माणूस पुढच्या महिन्यात संपादकाला पत्र लिहिणार, या धाकानं लेख लिहिला जायचा. आता मथळ्यानं थक्क होऊन कोणाचं काही बिघडत नाही. थक्क झालेला माणूस पुढची बातमी उघडतो.

त्या सीड्यांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पाखरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून बागेत चमकणारं काहीतरी टांगतात. अण्णांनी माझ्याकडच्या सगळ्या सीड्या नेल्या आणि सुतळीनं मांडवाला बांधल्या. तीन मोसम विंडोज ९८चे ड्रायव्हर, विनअ‍ॅम्पच्या कातड्या आणि अर्धेमुर्धे गेम निफाडच्या उन्हात गरगरत होते. बुलबुल पहिल्या आठवड्यात दबकले, मग सरावले. अण्णांचं म्हणणं, माणसंसुद्धा तशीच.

आता कोणी म्हणेल, हा म्हातारचळ आहे; जुनं ते सोनं. मुळीच नाही. ती मासिकं काही हरिश्चंद्राची वंशावळ नव्हती. निम्मा अंक जाहिरातींचा असायचा, आणि ज्याची पानभर जाहिरात त्याला संपादकांचं पदक नाही असा प्रसंग मी फारसा पाहिला नाही. पदकंही उदार हातांनी वाटली जायची: एक सर्वोत्तम, एक सर्वोत्तम किमतीचं, एक वाचकांच्या पसंतीचं. शर्यतीत वीस जण आणि उपविजेतेच सात. शिवाय भविष्य सांगायची भारी हौस. कागदविरहित कार्यालय येणार, हे आम्ही तीनशे गुळगुळीत पानांच्या अंकात वाचत होतो. अमेरिकेतल्या ‘वायर्ड’नं मार्च १९९७ मध्ये मुखपृष्ठावर जाहीर करून टाकलं, की ब्राउझर संपला, आता बातम्या आपण होऊन पडद्यावर येऊन पडणार. ब्राउझर कुठे संपला? बातम्या मात्र खरंच येऊन पडायला लागल्या, अण्णांच्या हस्ते, रोज सकाळी सहाला.

आणि मासिक ते मासिक. २६ एप्रिल १९९९ ला तैवानच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला चेर्नोबिल विषाणू जागा झाला आणि जगभरातल्या संगणकांचं बायोस पुसून गेला. आमच्याकडच्या एका हिशेबनिसाचा संगणक त्यात गेला. मासिकात सविस्तर लेख हाती पडेपर्यंत त्या संगणकाचा तेरावा उरकलेला होता. वाय-टू-केच्या वेळी तर उलटंच. वर्षभर आधीपासून अंकांमध्ये प्रलय चालू होता आणि आमच्या सोसायट्यांचे सचिव लाल खतावणीवर हात ठेवून शांत बसले होते. त्यांच्या खतावणीत १ जानेवारी २००० ला काहीही झालं नाही, आणि त्याचं श्रेय ते अजून घेतात.

मराठी वाचकाच्या वाट्याला तर हे सगळं फिरून फिरून आलं. अच्युत गोडबोले, दीपक शिकारपूर यांच्यासारखे मोजके लोक कळेल अशा मराठीत हातचं न राखता लिहीत होते. पण ते पुस्तकांतून आणि पुरवण्यांतून. आपल्या भाषेतला, स्वतःची खोली आणि स्वतःचं घड्याळ असलेला संगणकाचा अंक निफाडच्या स्टँडवर टांगलेला मला दिसला नाही. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता पुण्याच्या काटकर बंधूंनी ‘क्विक हील’ अँटीव्हायरस उभं केलं, हीसुद्धा बातमी आमच्याकडे पोचेपर्यंत त्यांचं खोकं दुकानात येऊन पोचलं होतं.

अमेरिकेतही सगळं आटोपत गेलं. १९७५ साली निघालेलं ‘बाइट’ जुलै १९९८ ला छापायचं थांबलं. ‘पीसी मॅगझिन’नं जानेवारी २००९ मध्ये कागद सोडला, ‘पीसी वर्ल्ड’नं २०१३ मध्ये. ‘कॉम्प्युटर शॉपर’ ऐन भरात आठशेच्या वर पानांचं निघायचं. आमच्याकडे ते आलं असतं तर रद्दीवाल्यानं वर्गणी भरली असती. २०२३ मध्ये ‘मॅक्सिमम पीसी’ आणि ‘मॅकलाइफ’ हे उरलेसुरले दोघेही छापील जगातून गेले. जर्मनीत १९८३ पासूनचं ‘सीटी’ मात्र अजून छापतं आणि मोजतं. जर्मन माणूस पट्टी हातातून सोडत नाही.

कागद गेला याचं मला दुःख नाही. कागदाला वाळवी लागतेच. मोजणाऱ्याचं पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. १९९७ साली अमेरिकेत आनंद लाल शिंपी नावाच्या १४ वर्षांच्या मुलानं ‘आनंदटेक’ सुरू केलं. कागद नाही, सीडी नाही, पण मोजमाप असं, की एका चिपवर वीस-वीस पानं. सगळ्यात गंमत झाली २०१३ मध्ये. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस४ चे काही नमुने वेग मोजणारं ठरावीक अ‍ॅप उघडलं की एरवीपेक्षा जोरात पळतात, हे ‘आनंदटेक’नं दाखवून दिलं. म्हणजे परीक्षक आला हे फोनला कळायचं! त्याआधी २००३ मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर, वेग मोजणारं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीनं असंच बोट ठेवलं होतं. पुढे दोघांनी बसून संयुक्त पत्रक काढलं आणि त्या प्रकाराला जरा सोज्वळ नाव दिलं. हे सगळं मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे आपल्याकडं पण आहे," आणि त्यांनी घाईघाईनं विषय बदलला. त्यांच्या क्रेटमध्ये वरच्या थराला कोणते घड लावतात, ते मी विचारलं नाही.

तो आनंद २०१४ मध्ये लेखणी ठेवून ॲपलमध्ये गेला. ३० ऑगस्ट २०२४ ला ‘आनंदटेक’ही बंद झालं. हे मी अण्णांना सांगितलं त्या दिवशी त्यांनी पाठवलेली बातमी होती: ‘हा फोन घेतला नाही तर पस्तावाल.’

असं का झालं, याचं कारण काही गूढ नाही. एक फोन नीट मोजायला दोन आठवडे लागतात, उपकरणं लागतात, एक चिकट स्वभावाचा माणूस पगारावर ठेवावा लागतो. फोन येणार असल्याची कुणकुण लिहायला वीस मिनिटं लागतात आणि ती वाचणारे दसपट. शिवाय पूर्वी वाचक अंकाचे पैसे द्यायचा. आता तो देत नाही. बातमीखालच्या दुव्यावरून त्यानं फोन घेतला तर दुकानदार लिहिणाऱ्याला दलाली देतो. ‘हा फोन घेऊ नका’ असं लिहिलं की दलाली शून्य. तेव्हा सगळेच फोन बरे निघतात, यात नवल ते काय? तपासायला फोन कंपनीच पाठवते, कधी लिहायचं ते कंपनीच सांगते. घरच्याच ट्रॉलीचा लिलाव घरातच करायचा म्हटल्यावर भाव पडेल कसा!

आणि आता तर लिहायलाही माणूस लागत नाही. अमेरिकेतलं ‘सीनेट’ हे संगणक-वार्तांचं जुनं, मातबर घर. त्यांनी २०२२ च्या अखेरीस गुपचूप यंत्राकडून अर्थविषयक लेख लिहून घेतले. एकूण ७७. बोभाटा झाल्यावर तपासले तर ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका लेखात म्हटलं होतं, १०,००० डॉलर ३ टक्के व्याजानं ठेवले तर वर्षाअखेरीस १०,३०० डॉलर मिळकत होते. मुद्दल आणि व्याज यातला फरक यंत्राला कळला नव्हता. असं व्याज आमच्या भागात कोणी कबूल केलं असतं, तर सकाळी रांग लागली असती आणि संध्याकाळी संचालक सापडले नसते.

खोटं आता नुसतं बातमीत राहिलेलं नाही, कॅमेऱ्यातही शिरलं आहे. मार्च २०२३ मध्ये एका पठ्ठ्यानं संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम पुसट केलेला चंद्र लावला आणि लांबून सॅमसंगच्या एस२३ अल्ट्रानं त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले खड्डे फोटोत आले! कंपनीनं मग समजावून सांगितलं, की चंद्र ओळखला की कृत्रिम बुद्धिमत्ता त्याचे बारकावे खुलवते. हा शोध लावणारा कोणी पत्रकार नव्हता, फोन वापरणारा एक साधा माणूस होता. फुकट फोन मिळालेल्यांना तो चंद्र फारच आवडला होता.

अण्णांनी यावर बराच वेळ विचार केला.

"म्हणजे आपण घडाचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवला, तर हा मणी फुगवून दाखवेल?"

"दाखवेलही."

"मग व्यापारी बागेत आल्यावर तोंड कोण देणार? कंपनी?"

तेव्हापासून अण्णांच्या प्रश्नांना धार आली. भर एप्रिलच्या दुपारी बागेत उभं राहून पडद्यावर नंबर दिसतो का? हाताला गंधकाची पावडर असताना बोट ओळखतो का? ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरच्या आवाजात वाजलेला ऐकू येतो का? विहिरीच्या कडेला एक कांडी रेंज मिळते का, की तिथंही दमदार, शानदार, तगडा सगळे मिळून मुके? पहाटेच्या कडाक्यात बॅटरी बसते का? थंडीत बॅटरीचा दम लवकर संपतो, हे निफाडकरांना कोणत्याही मासिकानं सांगायची गरज नाही. पण किती लवकर, हे सांगायला कोणी इथे येऊन फोन रात्रभर ओट्यावर ठेवलेला नाही. मापकाची सोय तर दोन पावलांवर आहे.

माझा भाचा म्हणतो, मामा, तुम्ही उगाच रडता. यूट्यूबवर चाकूनं फोनची काच खरवडून, कमरेत वाकवून दाखवणारे लोक आहेत, टीव्हीचा उजेड मीटर लावून मोजणारे आहेत. खरं आहे. मोजणारी जात संपलेली नाही, तिला शोधावं लागतं एवढंच, आणि शोधायला गेलं की आधी ते तीन टिंबवाले भेटतात. भाच्यानं मग एका एआयला विचारलं, की निफाडच्या द्राक्षबागायतदारासाठी अमुक फोन कसा आहे. उत्तर तत्काळ आलं, गोड भाषेत, मुद्देसूद: निफाडच्या थंड हवामानात आणि निसर्गरम्य द्राक्षबागांमध्ये छायाचित्रणासाठी हा फोन आदर्श आहे. बॅटरी? दमदार.

शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. आपणच अंक काढायचा. चार पानांचा, दर महिन्याला, फक्त तालुक्यापुरता. मोबाइल, मोटारीचे स्टार्टर, ठिबकचे टायमर, सीसीटीव्ही, वजनकाटे, जे म्हणून वायरवर चालतं ते सगळं आपण स्वतः मोजायचं आणि तीन आकडे छापायचे. परंपरेचा प्रश्न नव्हता. न्यायमूर्ती रानडे निफाडात जन्मले, १८४२ साली, आणि ‘इंदुप्रकाश’चा इंग्रजी विभाग त्यांनी संपादित केला होता, तेव्हा पत्रकारिता आमच्या पाण्यातच आहे, असं अण्णांनी चहाच्या टपरीवर ठणकावून सांगितलं. संपादक मी. प्रयोगशाळा म्हणजे अण्णांची बाग. तापमान कुंदेवाडीचं. भाचा मांडणी करणार, टपरीवाला वितरण करणार, आणि पहिल्या अंकात पाच फोन एकाच फांदीला टांगून दुपारी बारा ते तीन उन्हात ठेवणार. अण्णांनी फांदीही निवडली.

अडचण एकच होती, पैशांची. वर्गणीचा विषय काढताच टपरीवरची गर्दी पातळ झाली. मग जाहिरात. अण्णा स्वतः स्टँडाजवळच्या एका मोबाइल दुकानात गेले. मी मागे उभा. दुकानदारानं सगळं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला, कल्पना एक नंबर आहे म्हणाला. आपल्या गावाला अशा अंकाची किती गरज आहे, यावर तो आमच्यापेक्षा जास्त बोलला.

"अण्णा, मागचं पान आपलं पक्कं," तो म्हणाला. "दर महिन्याला पानभर जाहिरात देतो. रोख. फक्त ते फोन मोजायचं तेवढं राहू द्या."

अण्णा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "पानभर म्हणजे नक्की किती सेंटिमीटर?"